आतोबांच्या खात्यातली लायब्ररी

५ मार्च

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

गुडघा कसा आहे? फोनवर तू नेहमी ‘बरी आहे’ एवढंच म्हणतेस, म्हणून पत्र.

गिरणीच्या नक्षी खात्यातलं तुमचं जुनं युनिक्स मशीन आठवतं ना? त्यावरचा तुझा नक्षीचा प्रोग्राम आता उठतच नाही. लायब्ररी सापडत नाही, एवढं सांगून गप्प बसतो. ऑफिसने नोकरी सोडलेल्यांची आणि गेलेल्यांची मशीनवरची खाती पुसली, त्यात आतोबांचंही गेलं. धाग्यांचा हिशेब करणारी त्यांची फाईल, म्हणजे ती लायब्ररी, तिथेच होती, आणि तुझा प्रोग्राम दर वेळी ती तिथूनच उचलायचा.

जुन्या बॅकअपच्या टेपवरून मी ती परत आणली. पण त्यांचं खातं उघडायला वरून नकार आला, म्हणून दुसरीकडे ठेवली. तिकडे शोध, असं मशीनला इतर युनिक्सवर सांगतात तसं सांगून पाहिलं. ढिम्म हलत नाही. विणाई खात्याचे मास्तर म्हणतात, महिनाअखेर चाललं नाही तर मशीन भंगारात. तुमच्या नक्ष्या दुसरं कुठलंच मशीन वाचत नाही गं.

माया आहेच, सल्लाही पाठव.
तुझी ठमी

११ मार्च

चि. ठमीस,
अ. उ. आ.

गुडघा कुरकुरतो, मीही कुरकुरते. आमचं बरं चाललंय. यांचं खातं पुसलं हे वाचलं आणि चहा तसाच राहिला.

त्या मशीनची जातच आडमुठी. बाकीच्या युनिक्सवर ज्या नावाने शोधमार्ग देतात, ते नाव तिथे चालत नाही. तिथे त्याला आम्ही ‘शेलिब पाथ’ म्हणायचो. पुस्तिकेत लोडरच्या प्रकरणात बघ. नुसता तो देऊनही भागणार नाही. हा मार्ग मानायचा, असं आधी प्रोग्रामलाच ‘चॅटर’ या आज्ञेने बजावावं लागतं. मग मार्ग देऊन प्रोग्राम सुरू करणारी दोन ओळींची स्क्रिप्ट लिही, म्हणजे कारागिरांना काही लक्षात ठेवायला नको.

लायब्ररी वेगळी ठेवायची कल्पना तुझ्या आतोबांची. त्यांच्या दुरुस्तीपायी माझं काम अडायला नको, असं म्हणायचे. आपली फाईल त्रास देत नाही ना, हे विचारायला मात्र दिवसातून चारदा माझ्या खोलीत हजर. फाईल हे निमित्त होतं, हे मला लग्न ठरल्यावर कळलं. हुशार म्हणवायचे मला सगळे.

काय झालं ते कळव. पाठ ताठ ठेवून बसत जा.
तुझी आत्या

२० मार्च

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

चाललं. मार्गाचं नाव बदललं आणि चॅटरने बजावलं, तेव्हा उठलं. मागावर तुझी जुनी निळ्या चौकड्यांची नक्षी लावली. कापड उतरलं तसे मास्तर काठावरून बोट फिरवत राहिले. मग म्हणाले, मशीन राहू दे, पण हे काठ कसे बसवायचे ते बाईंनी एकदा येऊन शिकवावं. येशील? आतोबा गेल्यापासून तू गिरणीचा रस्ताही टाळतेस, बाबांनी सांगितलंय. नाही म्हणालीस तरी मला राग येणार नाही.

तुझीच,
ठमी

२६ मार्च

चि. ठमीस,
अ. उ. आ.

येते. गुरुवारी सकाळी गाडी घेऊन ये, आणि मास्तरांना सांग, मला सरळ पाठीची खुर्ची लागते.

एक विचारायचंय. यांच्या खोलीत आता कोण बसतं, ते आधी कळव. कुणी बसत असेल तर बरंच झालं. रिकामी असेल, तर तू माझ्याबरोबर आत ये.

तुझी आत्या