तुझ्या तांबड्या वाइनवरील माझा अभिप्राय

लिंबागणेश, जि. बीड

प्रिय चि. संगीता,

आशीर्वाद. तू नाशिकहून पाठविलेली बाटली सुखरूप पोहोचली. दहा वर्षांपूर्वी तू स्वतः भरलेली, फ्रान्सातल्या बोर्दो पद्धतीची ही तांबडी वाइन परिपक्व झाली की नाही, हे मी सांगावे, असे तू लिहिलेस. झाली असेल तर ती विक्रीस काढून तू तीन वर्षांसाठी फ्रान्सला जाणार. नसेल तर आणखी वर्षभर नाशिकलाच थांबणार. गुऱ्हाळात गुळाची पारख करणारी माझी जीभ तुला अजून आठवते, याचा अभिमान वाटला.

प्रथम एक चूक घडली. म्हशीला औषध पाजताना बाटली हलवावी लागते, त्या सवयीने तुझीही बाटली मी जोरात हलविली. तळाचा गाळ वर येऊन सारे गढूळ झाले. मग ती दोन दिवस कोनाड्यात उभी ठेवली. तुझी आई म्हणाली, "लेकीनं बापाला बाटली धाडली, आता गावात कसं तोंड दाखवू?" आणि बूच निघताच, "मला बी बोटभर द्या की!" तिचा निकाल असा: "तुरट हाय, पर लबाड न्हाई."

स्टीलच्या वाटीत रंग कळेना, म्हणून सिदूच्या हॉटेलातून चहाचा काचेचा ग्लास आणविला. मध्ये रंग पिकल्या जांभळाचा, कडेला जुन्या विटेचा. वास आधी धान्याचे बंद पेव उघडल्यासारखा. घटकाभराने सुके अंजीर, ओली माती, तंबाखूचे पान असे एकेक ओळखू आले. हिरड्या किंचित आवळल्या, परंतु तुरटपणा मऊ होता आणि चव बराच वेळ रेंगाळली. उरलेली सकाळी चाखली, तर वास विरला होता.

इकडे सर्व ठीक. तू अभ्यासाला बसायचीस त्या ओट्यावर हल्ली शेळ्या बसतात. मी त्यांना हाकलीत नाही. बीडची एस.टी. आली की तुझी आई दारात जाते आणि मी वर्तमानपत्र वाचीत असल्याचे दाखवितो.

वाइन अजून कच्ची आहे, असे कळविण्यासाठीच मी हे पत्र लिहावयास घेतले होते. तू वर्षभर तरी जवळ राहिली असतीस. या वयात वर्ष म्हणजे थोडे नव्हे. परंतु तुझ्या हातच्या वस्तूविषयी खोटे माझ्याने लिहवत नाही. ती पूर्ण पिकली आहे. आणखी ठेवलीस तर उतरेल. तिला विक्रीस काढ आणि तू जा. मात्र त्याआधी घरी येऊन जा. मी 'थांब' म्हणणार नाही. तुझ्या आईची हमी देत नाही.

तुझाच,
बापू