शनिवारी पंच तुम्हीच असाल

टोपेका, कॅन्सस
१२ जुलै १९०९

तीर्थरूप बाबांना हुल्डाचा नमस्कार.

आईचा गुडघा कसा आहे? कोंबड्या पुन्हा अंडी द्यायला लागल्या का? मी खुशाल आहे. रोज नवं गाव, तिथल्या पुरुषांच्या संघाशी बेसबॉल आणि जेवायला बटाटे. अंगानं भरलेय, आईला सांगा.

आमच्या मुलींच्या संघात एक ऑटिस आहे. दोनदा दाढी करून, डोक्यावर बायकी केसांचा टोप चढवून तो मैदानात 'मिस ऑलिव्ह' होतो. सगळ्याच मुलींच्या संघांत असा एखादा बाप्या ठेवतात. त्याच्यापायी लोकांना माझाही संशय येतो. परवा मी चेंडू टाकायला उभी राहिले, तर कुंपणापासून एक आजी ओरडली, "हाही बाप्याच! बाईच्या हाताला एवढा जोर असतो होय?" मी सरळ तिच्यापुढे गेले आणि वेणी पुढे केली. "ओढा आजी, मनासारखी ओढा." तिनं अशी ओढली की माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. मग म्हणते कशी, "अगं बाई, खरीच की! जा, दाखव त्या मेल्यांना!"

दाखवलं मी.

तरी आमचे मॅनेजर पर्डी म्हणतात, यापुढे चेंडू ऑटिसच टाकेल. मी भांडले, तेव्हा त्यांनी मला एक सामना दिला. "हरलीस तर उरलेला हंगाम बाकावर बसायचं."

तो सामना शनिवारी आहे. आपल्या गावात.

एवढं सांगायला निम्मं पान घालवलं, कारण आपल्याकडे पंच तुम्हीच असता. मी घर सोडलं तेव्हा तुम्ही म्हणालात, "चारचौघांत उड्या मारणारी मुलगी माझी नाही." ते फार लागलं, बाबा. अजून लागतं. पण सख्ख्या भावाला, एमिलकाकांना, भर सामन्यात बाद देणारेही तुम्हीच. काकांनी अबोला धरला, तरी तुम्ही निर्णय फिरवला नाहीत.

म्हणून शनिवारी पाठदुखीचं निमित्त काढून घरी बसू नका. दुसरा कोणी पंच मला बाई म्हणून सूट देईल, नाहीतर बाई म्हणून बुडवेल. मला दोन्ही नको. माझा चेंडू बाहेर गेला तर बाहेर म्हणा, मी हूं की चूं करणार नाही. पण फलंदाजाला चकवून नीट आत आला, तर 'स्ट्राइक' म्हणा.

माझं नाव घेऊ नका. माझ्याकडे बघूही नका. फक्त तेवढा एक शब्द मोठ्यानं ओरडा, आपल्या अंगणात आईला ऐकू जाईल इतका.

तुम्ही म्हणा न म्हणा, तुमचीच,
हुल्डा