धुतलेली वाळू

बाबा, आज सर्वपित्री. सकाळी गच्चीवर तुमचं पान ठेवलं आणि मग दवाखान्यात आले. वालाचं बिरडं केलं होतं, वडे, खीर, सगळं तुमच्या आवडीचं. कावळा आला, पण भाताला शिवला नाही. शेजारची पाण्याची वाटी तेवढी चोचीने कलंडवून गेला. आमचे हे म्हणाले, कावळाच तो, त्याला काय कळतंय. मी वाटी उचलली आणि एसटी पकडली.

आता दुपारचा दीड वाजलाय. मुरबाडच्या या दवाखान्यात केसपेपर काढायला आणि गोळ्यांच्या पुड्या बांधायला लागून मला वीस वर्षं होत आली. तुम्ही गेलात त्याच वर्षी लागले. डॉक्टर मॅडमच्या घरीही आज सर्वपित्रीचं आहे, त्या एकदम पाचला येतील. पेशंटांच्या बाकासमोर दोन फुटांची काचेची पेटी आहे आणि तिच्यात गप्पी मासे आहेत. तेच गप्पी, जे तुम्ही डासांसाठी पंचायतीच्या हौदात सोडायचात. कालपर्यंत अकरा होते. सकाळी चार उताणे सापडले. उरलेले सात पाण्याच्या अगदी वरच्या कडेला तोंड लावून उभे आहेत आणि तोंडाची उघडझाप करताहेत. मी त्यांच्यासमोर बसून लिहितेय. सकाळी मॅडमचा फोन आला होता. माशांचं त्या रोज विचारतात. बघून सांगते, म्हटलं.

पेटी आणली तेव्हा मॅडमनी तिचं सगळं माझ्या गळ्यात घातलं. म्हणाल्या, तुम्ही पाणीवाल्याची मुलगी ना, मग तुम्हालाच जमेल. फक्त फार कटकट नको. बाजारातल्या मासेवाल्या दुकानदाराने हवेचा लहानसा पंप दिला, एक नळी दिली आणि मुठीएवढा काळा स्पंज. पंप स्पंजातून हवेचे बुडबुडे वर सोडतो, त्या ओढीने पाणी स्पंजातून फिरत राहतं, एवढंच ते यंत्र. मी विचारलं, एवढ्याशा स्पंजाने पाणी स्वच्छ कसं होणार? तो म्हणाला, स्पंज नाही करत, स्पंजात जे वाढतं ते करतं. माशांच्या घाणीचं पाण्यात विष होतं आणि ते डोळ्यांना दिसत नाही; स्पंजाला जो बुळबुळीत मळ धरतो त्यातले जीव ते खातात. म्हणून आधी महिनाभर कामापुरते दोनच मासे ठेवा, मग बाकीचे. नळाचं पाणी रात्रभर बादलीत राहू द्या, मग ओता. आणि निघता निघता तो म्हणाला, "ताई, स्पंज नळाखाली धुवायचा नाय. मळका दिसला तरी नाय. टाकीतलंच पानी काढून त्यात जरासा पिळायचा, बस."

हे ऐकून मी दुकानाच्या पायरीवरच बसले, बाबा. दुकानदाराने खुर्ची दिली, त्याला वाटलं ऊन लागलं.

कारण हेच तुम्ही मला सांगितलं होतं. सापगावच्या पुढची आपली वाडी, नदीकाठचं पंपघर, आणि त्याला लागून ती वाळूची टाकी, आपल्या चुलीच्या खोलीपेक्षा लहानच. नदीचं पाणी वरून त्या वाळूत पडायचं आणि खालून निघायचं. मग तुम्ही त्यात मापाने जंतू मारायची टीसीएल पावडर घालायचात आणि वाडीला पाणी सोडायचात. तुमच्या अंगाला कायम त्या पावडरीचा वास असायचा. जेवताना भातालासुद्धा यायचा. वाळूवर मात्र तपकिरी, शेवाळी, बुळबुळीत साय धरलेली असायची आणि मला तिची किळस यायची. वर्षातून दोनदा तुम्ही ती साय हलक्या हाताने काढायचात आणि ती परत धरेपर्यंत पुढचे आठ दिवस तिथलं पाणी गटारात सोडून द्यायचात. तेवढे दिवस बाया विहिरीवर जायच्या आणि तुमच्या नावाने बोटं मोडायच्या. मी विचारलं तेव्हा तुम्ही टाकीच्या काठावर बसून विडी पेटवलीत आणि म्हणालात, "वाळूला हात लावायचा नाय, बाय. मळकी दिसते, पन पानी तीच धुते. तिला धुतली का मग पानी कोन धुनार?" मी हसले होते. मला ते कोडं वाटलं.

मी बारा वर्षांची होते. घट बसायच्या आधीचा दिवस, आजच्यासारखाच. वाडीत सगळ्या घरांतून गोधड्या नदीवर निघाल्या होत्या. भांडी, पाट, देव्हारा, चुलीमागची भिंत, जे दिसेल ते धुवायचं असा तो दिवस. तुम्ही पावडरीची गोणी आणायला शहापूरला गेला होतात. आई म्हणाली, देवी यायची आहे, घरात मळ दिसता कामा नये. मला वाटलं, पंपघर पण आपलंच की. तुम्ही करायचात तसं चावीचं चाक फिरवून पाणी उतरवलं आणि घमेल्याने वरची वीतभर वाळू उपसली. ती नदीच्या पाण्यात चोळ चोळ चोळून धुतली. पांढरी निघेपर्यंत धुतली, बाबा. खालची जिथे जिथे काळी दिसली तिथे हाताने उकरून काढली. परत भरून सपाट केली, वर पाणी घेतलं. तांदूळ पसरल्यासारखी दिसत होती. तुम्ही आल्यावर खूश व्हाल म्हणून मी दम धरून बसले. तुम्ही आलात अंधार पडताना, गोणी टाकलीत, रोजच्या मापाने पावडर घातलीत आणि पाणी सोडलंत. टाकीत डोकावला नाहीत. आणि मी पण काही सांगितलं नाही. म्हटलं सकाळी उजेडात दाखवू.

तिसऱ्या माळेला समोरच्या काकूला जुलाब सुरू झाले. मग दोन घरं, मग पाच. काकू माझी वेणी घालायची, तेल जरा जास्तच चोपडायची. तिला जीपमध्ये घालून शहापूरला नेताना वाटेतच ती गेली. जीप परत आली तेव्हा दारात कुणी रडत नव्हतं, सगळे तुमच्याकडे बघत होते.

तुम्ही टाकीवर गेलात ते बराच वेळ आला नाहीत. आलात आणि मला पडवीत एकटीला विचारलंत, "वाळूला कोनी हात लावला होता काय गो?" मी म्हटलं, नाय. तुम्ही माझ्या हातांकडे पाहिलंत. मग म्हणालात, "बरं." दुसऱ्या दिवशी चावडीवर सगळ्यांसमोर सांगितलंत की पावडरीचं माप तुमच्याच हातून चुकलं. मी आईच्या मागे उभी होते.

त्यानंतरचं तुम्हाला माहीत आहे, पण मी काय काय पाहिलं ते माहीत नसेल. पंपघराची किल्ली गेली. तुम्ही कसाऱ्याला घाटरस्त्याच्या कामावर दगड फोडायला जाऊ लागलात. आणि आत्याच्या मुलीच्या लग्नात तुम्ही सवयीने जग उचलून पंगतीत पाणी वाढायला निघालात, तेव्हा पहिल्याच म्हाताऱ्याने पेल्यावर हात ठेवला. मग दुसऱ्याने ठेवला. पूर्ण पंगतभर तुम्ही भरलेला जग घेऊन चालत गेलात आणि भरलेलाच परत आणलात. त्या दिवसानंतर तुम्ही कुणाला पाणी दिलं नाहीत. मलासुद्धा नाही. तहान लागली की म्हणायचात, आईला सांग.

वाळू धुतली त्या दिवशी माझा फ्रॉक त्या काळ्या चिखलाने भरला होता. आई ओरडेल म्हणून मी तो पंपघराच्या पत्र्यामागे दडवला. मग काकू गेली आणि मी तो विसरले, असं मी स्वतःला सांगत आले. विसरले नव्हते. चावडीवरून आपण परतलो त्या संध्याकाळी मी तो आणायला गेले. तो पत्र्यामागे नव्हता. धुऊन, पिळून, पंपघरामागच्या तारेवर वाळत घातला होता. कॉलर नीट सरळ केली होती, तशी तुम्हीच करायचात. म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं, आणि तुम्हाला ठाऊक आहे हे मलाही त्या दिवसापासून ठाऊक होतं. तरी मी तुमच्या शेवटच्या आजारपणात पायाशी बसून गावगप्पा केल्या आणि ही एक गोष्ट काढली नाही. माझ्याइतकी भित्री मुलगी कुणाला होऊ नये.

आता या पेटीचं. दवाखान्याची झाडलोट करायला एक मावशी आहेत, माळशेज वाटेवरच्या एका पाड्यावरून पहाटेच्या गाडीने येतात. घरात मिळवता हात तो एकच. स्वच्छतेचं त्यांना वेड. मागे एकदा बीपी मोजायचं यंत्र ओल्या फडक्याने पुसून त्यांनी बंद पाडलं, तेव्हा मॅडमनी सांगितलं होतं की आणखी एक असं झालं तर दुसरी बाई बघेन. परवा मी रजेवर होते. घट बसायचे म्हणून मावशींनी दवाखाना उभा-आडवा धुतला. काल सकाळी मी आले तर पेटी चकचकीत, पाणी नवंकोरं, त्याला टीसीएलचा वास. आणि स्पंज नव्या वहीच्या कव्हरासारखा स्वच्छ. मी कालच पाणी बदलायला सुरुवात केली, पण स्पंजातलं जे गेलं ते गेलं, ते आणायचं कुठून?

आज चार मासे मेलेले पाहून मी मावशींना विचारलं, स्पंजला कुणी हात लावला होता का. त्या फरशी पुसत होत्या. वर न बघता म्हणाल्या, "नाय वो ताई, मी कशाला लावू?" त्यांच्या नखांत काळं होतं. मी म्हटलं, बरं. माझ्याच तोंडून तुमचं ते 'बरं' निघालं.

त्या आता बाहेर पायरीवर बसल्या आहेत, डबा उघडलेला नाही. सातातला आणखी एक कडेला झुकलाय. लिहायला बसले तेव्हा ठरवलं होतं, पाच वाजता मॅडम आल्या की सांगायचं, स्पंज माझ्याच हातून धुतला गेला. तुम्ही चावडीवर सांगितलंत तसं. एवढं तरी तुमच्याकडून शिकले असं तुम्हाला लिहायचं होतं.

हे सगळं केसपेपरांच्या पाठीवर लिहिलंय. फाडून टाकायचं म्हटलं तर कचरा मावशीच काढतात. घडी करून पर्समध्ये ठेवेन, नाहीतरी पाठवायचं कुठे? पण त्याआधी एक दुरुस्त करते, बाबा. सकाळी फोनवर मॅडमना 'बघून सांगते' म्हटलं, असं मी वर लिहिलं. तसं म्हटलं नाही. कुणी केलं ते त्यांनी धड विचारलंही नव्हतं, आणि मी मावशींचं नाव सांगून टाकलं.