वल्ह्याला लावलेला कान

३ फेब्रुवारी

आज पुन्हा खोटं बोलले. इंजिन बंद, वल्ह्याचं पातं पाण्यात, दांड्याचं टोक माझ्या उजव्या कानाला. बोटीवरचे सगळे श्वास रोखून माझ्या तोंडाकडे बघतायत. आणि मला काय ऐकू आलं? काही नाही! "इथेच," म्हटलं. जाळं टाकलं. अर्धी टोपली.

वर्ष होत आलं. आधी माशांचा थवा वल्ह्यातून साफ ऐकू यायचा, तापल्या तव्यावर पाणी शिंपडल्यासारखा. मग बारीक झाला, मग गेलाच. डाव्या कानाने माणसांचं ऐकू येतं, माशांचं नाही. करून पाहिलं. तेव्हापासून सगळा कारभार अंदाजपंचे दाहोदरसे! कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही. बंदरावर आमच्या बोटीला 'कानाची बोट' म्हणतात, बाकीच्या बोटी आमच्या मागे मागे येतात. मोठे दीर त्या एका नावावर छाती काढून चालतात. त्यांना कळलं तर? वर्षभर सगळ्यांना फिरवलं मी.

५ फेब्रुवारी

लेकीचा फोन. पहिलं बाळंतपण, डॉक्टरांनी महिनाअखेर सांगितलीय. "आई, तू येशील ना गं?"

"बघते."

वल्ह्यावर बसल्यापासून एकोणीस वर्षं हेच उत्तर. तिला टायफॉइड झाला तेव्हा मी पाण्यात. दहावीचा निकाल लागला तेव्हा मी पाण्यात. मोठे दीर मला धाकटी म्हणतात. त्यांना विचारलं तर म्हणाले, "धाकटी गेली तर बोट आंधळी होईल." बहिरी म्हणा, भाऊजी, बहिरी! तोंडावर आलं होतं. गिळलं.

६ फेब्रुवारी

जेवताना मीच विषय काढला. सोनार घेऊ या म्हटलं. नवरा ताटातून मान वर न करता म्हणतो, "सोनार? काय घडवायचंय?" जाऊ फिदीफिदी हसली. मी रेटून सांगितलं — बोटीखाली लावायचं यंत्र, पाण्याची खोली दाखवतं, मासेही दाखवतं. सगळ्या बंदरांवर आलंय.

मनात हिशोब सरळ होता. यंत्र आलं की कान नको, कान नको की मी मोकळी. आणि हे सगळं कुणाला काही कळायच्या आत.

मोठे दीर चूळ भरून आले. "आणा दुकानातून चार दिवस उसनं. आधी धाकटी ऐकेल. मग यंत्र काय म्हणतं ते बघू. जुळलं तर पुढचं बोलू."

हात दाखवून अवलक्षण ते हेच! यंत्र मला सोडवण्याआधी उघडं पाडणार.

९ फेब्रुवारी

यंत्र उसनं मागायला दुकानात गेले. एकटीच, मुद्दाम. दुकानदार बोलका. "वहिनी, हे खाली आवाज सोडतं. तो तळाला आपटून परत येतो, त्यावरून खोली कळते. मधे मासा असला की पडद्यावर कमान उमटते." दोन यंत्रं पुढे ठेवली. एकाचा झोत अरुंद, दुसऱ्याचा फाकलेला.

"तुमचं पाणी खोल. अरुंदच न्या," तो म्हणाला. "फाकलेला झोत खाली पोचेपर्यंत इतका पसरतो की मासा पार बाजूला असला तरी कमान दाखवतो. तुम्हाला वाटणार, बोटीखालीच आहे."

"फाकलेलाच द्या."

"अहो, पण मी काय सांगतोय—"

"फाकलेलाच!"

चाळणीने पाणी भरायला निघालेल्या बाईकडे बघावं तसा तो माझ्याकडे बघत राहिला. बघू दे. माझ्याइतकंच ढोबळ बोलणारं यंत्र हवं होतं मला. चांगल्या यंत्राची मला भीती वाटते, हे त्याला कसं सांगू?

१० फेब्रुवारी

माहितीपुस्तिका तीनदा वाचली. संवेदनशीलता वाढवली की तरंगता कचराही मासा दिसतो. पार वरपर्यंत वाढवून ठेवली!

१२ फेब्रुवारी

झाली परीक्षा. पडदा मोठ्या दिरांच्या हातात. मी डोळे मिटले, कान लावला. नेहमीची ती शांतता. माझीच छाती धडधडत होती. चोराच्या मनात चांदणं! वाटलं, सगळ्यांना ऐकू जात असेल.

तीन ठिकाणी थांबलो. तिन्ही ठिकाणी "आहे" म्हटलं. नाही म्हणायची हिंमतच नव्हती. तिन्ही ठिकाणी पडद्यावर कमानीच कमानी! तिसऱ्या जागी जाळंही बरं निघालं, नशीब म्हणायचं. नवऱ्याने इतक्या जोरात पाठ थोपटली की वल्हं हातातून सुटता सुटता राहिलं. मला रडू आलं. त्यांना वाटलं आनंदाने.

१३ फेब्रुवारी

मोठे दीर सकाळीच अंगणात उभे. "जुळलं म्हणजे अगदी जुळलं!" मग हसत हसत, "आता सांगा, जे धाकटी सांगते तेच यंत्र सांगणार असेल तर यंत्र कशाला? देऊन या परत."

नवरा यंत्र खोक्यात भरायला लागलासुद्धा. मी म्हटलं, पण मी किती दिवस? "अगं, तुझा कान यंत्रालासुद्धा हार जाणार नाही!" नवरा म्हणाला. खरं सांगावं तर खोटारडी. गप्प बसावं तर जन्मभर वल्हं. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. हा पिंजरा मी स्वतःच्या हाताने विणला, वर कुलूपही निवडून आणलं.

१५ फेब्रुवारी

लेकीचा फोन वाजत राहिला. उचलला नाही.

१६ फेब्रुवारी

चार वेळा थांबलो, चार वेळा "आहे" म्हटलं, चार वेळा रिकामं. कुणी मला बोललं नाही. वाऱ्याला शिव्या दिल्या, पाण्याला दिल्या, नव्या जाळ्याला दिल्या. माझ्या कानाला कुणी नावं ठेवेना! ठेवली असती तर बरं झालं असतं. जावेने आयता गरम चहा हातात दिला, "दमलीस गं" म्हणून. उद्या सांगणार. मारोत की झोडपोत.

१७ फेब्रुवारी

सांगितलं. मोठे दीर धक्क्यावर एकटेच जाळं साफ करत होते. "भाऊजी, माझा कान गेलाय. वर्ष झालं."

हात थांबले नाहीत त्यांचे. "माझाही असाच गेला होता," म्हणाले. "म्हणून तर तुला शिकवून वल्ह्यावर बसवली." मग शेवाळ झटकत, जसं काही बाजारातून मीठ आणायला सांगतायत — "बाळंतपण उरकलं की लेकीला इकडे घेऊन ये. तिचा कान चांगला असेल."

तडक दुकानात गेले. अरुंद झोताचं यंत्र आणलं, नवऱ्यासमोर ठेवलं. "हे शिका," म्हटलं. "लेकीकडे मी जातेय. तिला आणणार नाही."