मोरांना पाजलेलं पाणी

अण्णा, रविवारी मी पोरांना घेऊन बीडला गेले होते. मुलगी आठ वर्षांची, मुलगा पाच. दोघं शहरात वाढलेली, आपला जिल्हा त्यांना फक्त सुट्टीपुरता माहीत. खजाना बावडीच्या काठावर उभी राहून मी सांगत होते, ही निजामशाहीतली विहीर, दुष्काळातसुद्धा आटत नाही म्हणतात. मुलीनं लगेच विचारलं, "मग तू लहान होतीस तेव्हा इथूनच पाणी का नाही नेलं?" मी म्हटलं, आपलं गाव लांब, चौसाळ्याच्या पलीकडं; आपल्याकडं टँकर यायचा. "कोण आणायचं?" तुझे आजोबा, असं म्हणताना माझा आवाज इतका चढला की दोन्ही पोरं दचकून मागं सरली. तुम्हाला जाऊन एवढी वर्षं झाली, तरी तुमचा विषय निघाला की माझं हे असं होतं. म्हणून आज लिहायला बसले.

तुम्ही साखर कारखान्यावर ड्रायव्हर होता, तेही हंगामी. त्या उन्हाळ्यात उसाचं टिपरूही उभं नव्हतं. कारखाना सहकारी, सभासद सगळे आसपासच्या गावांतले, म्हणून कारखान्याचे टँकर गावोगाव पाणी वाटत होते आणि आपल्या गावची खेप तुमच्याकडं होती. एका सकाळी तुम्ही मला आणि धाकट्या भावाला उचलून केबिनमध्ये बसवलंत. "चला, आज तुमाला मोर दावतो." आई दारात आली. "आन् पाणी?" तुम्ही म्हणालात, "येताना घेऊनच येतो की." मी सात वर्षांची होते. बाजार सोडला तर कुठं गेले नव्हते. आनंदानं मला धड बसवत नव्हतं.

वाटेत टँकर भरून घेऊन आपण पाटोद्याकडच्या मोरांच्या अभयारण्यात पोचलो, तर तिथं कारखान्याच्या चेअरमनसाहेबांची जीप उभी. त्यांचे पुण्याचे पाहुणे आले होते. आमच्याएवढीच दोन पोरं, गळ्यात वॉटरबॅगा. ऊन असं की सगळे मोर झाडीत दडलेले, एकही दिसत नव्हता, आणि ती पोरं रडकुंडीला आलेली. चेअरमनसाहेब तुम्हाला म्हणाले, "सोड पाणी त्या पाणवठ्यात. येतील बाहेर." तुम्ही म्हणालात, "सायेब, ही खेप गावची हाय." एवढं तुम्ही म्हणालात, मी ऐकलंय. ते हसले. "गाव काय पळून चाललंय का? उद्या दे." आणि तुम्ही खाली मान घालून टँकरचा व्हॉल्व्ह फिरवलात.

कोरड्या पाणवठ्यात पाणी पडल्याचा आवाज मला अजून ऐकू येतो. आधी लांडोरी आल्या, बिचकत. मग मोर. तुम्ही मला उचलून टँकरवर उभं केलंत, धाकट्याला खांद्यावर घेतलंत. "दिसला का गं? लई देखणा हाय, न्हाई?" पाहुण्यांची पोरं टाळ्या पिटत होती. मीही पिटल्या.

आपण गावात शिरतो तेव्हा बाया उन्हात हंडे लावून बसलेल्या आहेत. टँकर बघून सगळ्या उठतात. तुम्ही केबिनमधूनच सांगता, "पंक्चर झालतं. आज पाणी न्हाई. उद्या आणतो." धाकटा चार वर्षांचा, त्याला काय कळतंय? तो उडी मारून ओरडतो, "आमी मोर बघितला! अण्णानं सगळं पाणी मोराला पाजलं!" आणि तुम्ही त्याच्या कानाखाली वाजवता. पाचही बोटं उमटतात. सगळ्यांच्या पुढची म्हातारी टँकरजवळ येते. "लेकराला कावून मारतोस रं? खरं बोललं म्हणून व्हय?"

कुणी शिव्या दिल्या नाहीत. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. आई घरात गेली. ड्रायव्हरचं घर म्हणून आपला रांजण कायम भरलेला असायचा. तिनं तो उपसला आणि पुरेल तेवढं प्रत्येकीच्या हंड्यात थोडं थोडं ओतलं. तुम्ही तिच्या मागं मागं फिरत होता. "हंगामी माणूस हाय मी. न्हाई म्हणलो असतो तर घरी बसवलं असतं." तिनं रिकामा तांब्या खाली ठेवला. "मंग बसायचं होतं."

त्यानंतर ती तुमच्या कुठल्याच गाडीत बसली नाही. माहेरी जायचं तर चौसाळ्यापर्यंत चालत जाऊन एसटी धरायची, आणि तुम्ही गाडी घेऊन तिच्या बाजूनं हळूहळू यायचा. तिनं कधी मान वळवली नाही.

पुढच्याच वर्षी तुम्ही कायम झालात. भीती मला समजते, अण्णा. मीही नोकरी करते, साहेबापुढं मीही गिळलंय. पण ती थप्पड? ती तुम्हाला कुठल्या चेअरमननं मारायला सांगितली होती? आणि त्याहून राग येतो तो तुमच्या त्या वाक्याचा. मी कधी उलटून बोलले की तुम्ही म्हणायचा, "त्या नोकरीवरच शिकलीस तू." खरंच होतं ते. म्हणूनच मला तोंड उरायचं नाही. तुम्ही माझ्या पाटीपुस्तकापासून कॉलेजापर्यंत सगळ्याला ते पाणी लावून ठेवलंत, आणि मला विचारलंसुद्धा नाहीत. धाकट्याची एकदा माफी मागितली असतीत, तर निदान आईनं मान वळवली असती. तेही तुमच्यानं झालं नाही.

रविवारी दुपारी मी पोरांना त्याच अभयारण्यात नेलं. एकही मोर दिसला नाही. मुलगा हिरमुसला. मुलगी म्हणाली, "आई, तू कधी बघितलास?" बघितलाय, म्हटलं, तुझ्या आजोबांनी दाखवला. "जवळून?" लई जवळून. पुढचं सांगायचं मनात होतं, ती आता मोठी झालीय, तिला कळलं असतं. पण सांगितलं नाही. हे पत्र वाचायला तुम्ही नाही आणि मी ते दुसऱ्या कुणाला दाखवणार नाही, म्हणून इथं लिहिते: ती हकीकत पोरांना सांगायला लागले की तुमची बाजू घेईन, अशी मला भीती वाटते.