माहेरघराचा मुराळी

४ ऑगस्ट, सोमवार

पुण्याचं ट्रेनिंग आटोपून परत. विषय : सिस्टीम्स थिंकिंग. तीन दिवसांत डोक्यातली जळमटं साफ. आजपासून या डायरीत तक्रारी नाहीत, फक्त विचार. शिकवणाऱ्या मॅडमचं वाक्य पाठ केलंय : माणसाला दोष देऊ नका, सिस्टीमकडे पाहा.

तालुका आरोग्य ऑफिसला दीड तास उशिरा पोचलो. माझा दोष नाही, सिस्टीम. आमचा डेटा ऑपरेटर अतुल वीस मिनिटं उशिरा आला. त्याला कारणे दाखवा नोटीस दिली.

५ ऑगस्ट

पहिलं काम हाती घेतलं : माहेरघर. आरोग्य केंद्राच्या आवारातली खोली. नाल्यापलीकडच्या, जंगलातल्या गावांतल्या बायांनी दिवस भरत आले की इथे येऊन राहायचं, आयतं खायचं, आणि वेळ आली की चार पावलांवर बाळंतपण. खाटा आहेत, पंखे आहेत. गाद्यांचं प्लास्टिक अजून काढलेलं नाही, कारण कोणी येतच नाही.

आशाताई दुर्गेश्वरीने तिच्या गावच्या रंजिताचं सांगितलं. तारीख महिनाअखेरची. मागच्या पावसाळ्यात हिचं पहिलं बाळ नाल्याच्या काठावरच गेलं. पूर उतरायची वाट पाहत होते. ऐकताना मी उगाच पंख्याचं बटण चालू-बंद करत राहिलो. मला असलं ऐकवत नाही.

संकल्प : रंजिता २० तारखेच्या आत माहेरघरात. या खेपेला काही होऊ देणार नाही.

७ ऑगस्ट

सिस्टीम मॅप सुरू. ऑफिसची भिंत पुरेना. माहेरघराची भिंत लांबरुंद, स्वच्छ. तिच्यावर भिंतभर कागद चिकटवला. खाटा व्हरांड्यात काढल्या. तात्पुरत्या.

मधोमध लाल वर्तुळात "रंजिता". भोवती सासू, नवरा, धानाची रोवणी, बकऱ्या, नाला, डास, अंधश्रद्धा, नेटवर्क. सगळीकडून सगळीकडे बाण. अतुल म्हणाला, सर, यात तुम्ही कुठे आहात? म्हटलं, मार्कर माझ्या हातात आहे, मी आत कसा असेन? नोटिशीचा राग दिसतो.

९ ऑगस्ट, राखी

रेणूची राखी कुरिअरने आली. फोनवर म्हणाली, दादा, तीजेला घ्यायला येशील का? आमच्याकडे हरतालिकेला लेकी माहेरी येतात, भाऊ नाहीतर बाप आणायला जातो. तिला समजावलं की तिच्या तुमसरहून गोंदियाला गाडीने असा कितीसा वेळ लागतो. रिझर्व्हेशन करून तिकीट मोबाईलवर पाठवलं. खिडकीची सीट. तिने लगेच फोन ठेवला. आभार मानायची पद्धतच राहिलेली नाही.

११ ऑगस्ट

दुर्गेश्वरीला रंजिताच्या घरी पाठवलं होतं, माझ्या सहीचं पत्र देऊन. रंजिताची सासू सुशिलाबाई काय म्हणाली ते तिने जसंच्या तसं सांगितलं : मायेर म्हंता ना जी त्याले? मंग घ्याले कोन आलं? कागद आला, फोन आला. लेक का अशीच उठून मायेरी जाते?

मी खुर्चीतून उठलो. हीच ती कळ! एवढे बाण काढले आणि मुराळी राहिला. सासरी जाऊन लेकीला मानाने माहेरी घेऊन येतो तो मुराळी. आपण माहेर बांधलं आणि मुराळीच नेमला नाही.

दुपारी प्रस्ताव तयार. पद : तालुका मुराळी समन्वयक, कंत्राटी. शैक्षणिक पात्रता : पदवीधर, टायपिंग. अनुभव असल्यास प्राधान्य. जिल्ह्याला मेल केला.

१३ ऑगस्ट

जिल्ह्याचं उत्तर नाही. दुर्गेश्वरीला प्रस्ताव वाचून दाखवला. तिने शेवटपर्यंत ऐकला, मग म्हणाली, साहेब, तुमीच चाला ना. एक दिवस तं लागते.

इतकं सोपं! ही बाई दिसते त्यापेक्षा हुशार आहे. मुळात ते माझ्या डोक्यात होतंच.

ठरलं. रविवारी, १७ तारखेला, मी स्वतः मुराळी. निरोप धाडला : माहेरघरातून भाऊ घ्यायला येतोय, तयारीत राहा. संध्याकाळी हिरवी साडी घेतली. फार दिवसांनी भरपेट जेवलो.

१७ ऑगस्ट, रविवार

जाता आलं नाही. २५ तारखेला गोंदियाला जिल्ह्याचं प्रेझेंटेशन आहे आणि मॅपचे रंग अजून भरायचेत. माणूस महत्त्वाचा की वाहन? सिस्टीमच्या दृष्टीने वाहन. अँब्युलन्स पाठवली.

रिकामी परत आली. ड्रायव्हर वैतागलेला. म्हणे, गाडी पाहून सगळी वस्ती जमा, कोण गेलं म्हणून. रंजिता सकाळपासून चांगलं लुगडं नेसून, गाठोडं बांधून दारात बसलेली. सुशिलाबाईने गाडीत वाकून पाहिलं आणि विचारलं, भाऊ काऊन नाई आला? मग सुनेला आत नेलं.

मॅपवर नवं वर्तुळ : अवाजवी अपेक्षा. निरोप पाठवला : पुढच्या रविवारी नक्की.

२० ऑगस्ट

संकल्पातल्या तारखेत दुरुस्ती. "२० तारखेच्या आत" ऐवजी "ऑगस्टमध्ये". प्लॅन लवचीक हवा, असं मॅडमही म्हणाल्या होत्या.

पाऊस थांबत नाही. दुर्गेश्वरीचा फोन : नाल्याला पानी चढून रायलं साहेब. म्हटलं, लक्ष ठेव. ठेवलेल्या लक्षाचं तिने काय करायचं, ते सांगायचं राहिलं. सकाळपासून दोनदा बाहेर जाऊन आभाळ पाहून आलो. ॲसिडिटीची गोळी घेतली.

२२ ऑगस्ट, पोळा

सुट्टी. पाऊस उघडला. नाला आज ओलांडता आला असता. पण सणाच्या दिवशी कोणाची सून घरातून न्यायची, बरं दिसत नाही. स्थानिक संस्कृतीचा आदर हाही सिस्टीमचाच भाग. दिवसभर झोप काढायचा प्रयत्न केला. लागली नाही.

२४ ऑगस्ट, रविवार

निघालो! साडीची पिशवी घेऊन, सकाळी, स्वतः गाडी चालवत.

वाटेतल्या चिचगडपर्यंत गेलो. चहा घेत होतो तर गोंदियाहून फोन. प्रेझेंटेशनची रंगीत तालीम आजच, चार वाजता. येणं बंधनकारक नाही, पण आलात तर बरं. यातलं "बरं" मला फार जोरात ऐकू आलं. चहावाल्याने विचारलं, नाल्याकडे चाल्ले का साहेब? अजून निंगून जाल, संध्याकाळपर्यंत नाई जमायचं.

गाडी वळवली. दुर्गेश्वरीला कळवलं, उद्या प्रेझेंटेशन झालं की थेट येतो. माझं वाक्य संपायच्या आत फोन कट झाला. नेटवर्क गेलं असणार.

२५ ऑगस्ट

सगळ्या तालुक्यांत पहिला क्रमांक! मॅप गुंडाळून नेला होता, उलगडला तर स्टेजवर मावेना. दोन शिपाई टोकं धरून उभे. टाळ्या.

एक वयस्क डॉक्टर उठले. आता या घडीला तुमच्या माहेरघरात किती बाया आहेत? म्हटलं, प्रक्रिया सुरू आहे. ते खाली बसले. त्यांना व्हरांड्यातल्या खाटांचं काही माहीत नव्हतं, तरी मला घाम फुटला.

फोटो छान आला. मी, माझ्यामागे मॅप, आणि माझ्या खांद्यावर नेमकं रंजिताचं लाल वर्तुळ. सत्कार, जेवण, बाहेर धो धो पाऊस. एवढ्या पावसात निघणं म्हणजे बेजबाबदारपणा. उद्या पहाटे.

२६ ऑगस्ट, तीज

सहा वाजता दुर्गेश्वरीचा फोन. नाला दोन्ही काठ सोडून वाहतोय. रंजिता घरीच मोकळी झाली. मुलगी. रडली नाही. दुर्गेश्वरीने आणि सुशिलाबाईने खूप केलं. रडलीच नाही.

रंजिता बरी आहे म्हणे.

"ही सिस्टीमची" असं लिहून खोडलं.

रेणूचा मेसेज आला. तिकीट रद्द कर, मी येत नाही.

२९ ऑगस्ट, शुक्रवार

पाणी उतरलं. गेलो. ऑफिसपासून रंजिताच्या दारापर्यंत पावणेदोन तास. बस्स एवढंच अंतर होतं. साडी गाडीतच ठेवली.

रस्ताभर मनाशी जुळवलं होतं : मी आधी माफी मागणार. मुराळी मीच होतो, हे सांगणार. मॅप, प्रेझेंटेशन, पाऊस यातलं काहीही काढणार नाही.

रंजिताला पहिल्यांदाच पाहिलं. मॅपवर मी तिला एवढी मोठी काढली होती, प्रत्यक्षात बारकी पोर आहे. भिंतीला टेकून बसली होती. खुंटीला गाठोडं लटकलेलं, अजून बांधलेलंच. तिने माझ्याकडे पाहिलं आणि सासूला हळूच काहीतरी विचारलं. सुशिलाबाईने मला पाणी दिलं. मग म्हणाली, पोरगी पुसून रायली, तुमी कोन जी?

मी पाणी प्यायलो. म्हटलं, ऑफिसातून आलोय. पाहणीसाठी.

तिने मान हलवली. म्हणाली, तुमच्या हापिसातूनच एक भाऊ घ्याले येनार होता. भेटला तं सांगजा त्याले. दोन इतवार पोरगी दारात बसून रायली.

मी म्हटलं, सांगतो.