दर्शनी भाग तयार आहे

३ जानेवारी, सकाळी ६.१०
पाचला उठायचं ठरलं होतं. पाच आणि सहा-दहामध्ये तसा फार फरक नाही. उद्यापासून पाच.

आजपासून रोजनिशी. मोठी कामं करणारे लोक नोंदी ठेवतात. नंतर कोणाला उपयोगी पडतात.

कॉलेजचं पत्र आलं. तिसरी मुदतवाढ मंजूर. खाली ठळक अक्षरात लिहिलंय, ही अखेरची. माझं काम आता पूर्ण होणार याची त्यांनाही खात्री पटलेली दिसते. दोन वर्षांचा अभ्यासक्रम, आमचं चौथं चाललंय, पण शास्त्रीय वास्तुकलेत घाई करून चालत नाही. पी हळद अन् हो गोरी असलं काम नाही हे. अकरा वर्षं ऑफिसात पार्किंगचे उतार काढले, तेव्हा केली तेवढी घाई पुरे.

अंतिम प्रोजेक्ट: छोटं सार्वजनिक वाचनालय. पुढे सहा खांब. जानेवारीत ड्रॉइंग, फेब्रुवारीत शाई, मार्चमध्ये विश्रांती आणि जूरी. जूरी, म्हणजे परीक्षकांसमोर काम मांडणं, २८ मार्चला.

५ जानेवारी
५.५० ला उठलो. प्रगती.

संध्याकाळी ही दवाखान्यातून आली ती बातमी घेऊनच. ही डोळ्यांच्या दवाखान्यात नंबर तपासते. त्यांची दुसऱ्या गावात शाखा निघतेय आणि ती हिने सांभाळावी असं वरिष्ठांचं म्हणणं आहे. राहायला दोन खोल्याही मिळतील. गेल्या वर्षीही विचारलं होतं, तेव्हा माझ्या प्रोजेक्टपायी हिने नाही म्हटलं. तिसऱ्यांदा विचारणार नाहीत, म्हणाली.

मला म्हणाली, खरं सांग, मार्चअखेर तुझं संपतंय का? संपत असेल तर आपण दोघं जाऊ. पंधरा मार्चपर्यंत कळवायचंय. मी म्हटलं, शंभर टक्के. ती म्हणाली, टक्के नकोत, तारीख सांग. मी म्हटलं, अठ्ठावीस. तिने कॅलेंडरवर लिहून ठेवली. पेन्सिलीने का लिहिली ते कळलं नाही. पेन समोरच होतं.

१२ जानेवारी
आठवडा खांबांवर गेला. सहा की आठ? शेवटी सहाच.

मॅडमना (माझ्या मार्गदर्शक) कच्चं ड्रॉइंग दाखवलं. बराच वेळ बघत होत्या. मग विचारलं, दार किती उंच आहे? मी म्हटलं, दहा मॉड्यूल. आमच्या शास्त्रात खांबाच्या बुंध्याच्या जाडीचं अर्धं म्हणजे एक मॉड्यूल, आणि सगळी इमारत त्या मापात मोजायची. दार दहा, पायरी एक, एकूण रुंदी छत्तीस. त्या म्हणाल्या, ते मला माहीत आहे, फुटांत किती? मी म्हटलं, आधी प्रमाण, मग फूट. त्या म्हणाल्या, ठीक आहे, पण दाराशेजारी एक माणूस काढून ठेवा, म्हणजे तुमचं तुम्हालाच कळेल.

माणूस शेवटी काढू. माणसं आली की रेषा बिघडते.

१९ जानेवारी
खांबाचा माथा पुन्हा काढला.

२१ जानेवारी
तोच.

२ फेब्रुवारी
कागद ताणला. कागद पूर्ण ओला करायचा, कडांना डिंक लावून ड्रॉइंगच्या पाटीवर चिकटवायचा, वाळला की तो ताठ बसतो. काम पूर्ण होईपर्यंत कापून काढायचा नाही. पाटी जेवणाच्या टेबलावर मावते, टेबल मात्र त्यानंतर उरत नाही. आम्ही आता पलंगावर बसून जेवतो. हिने ताट मांडीवर घेतलं. समजूतदार आहे.

४ फेब्रुवारी
कागदाच्या कोपऱ्यात चहाच्या कपाचा गोल डाग. कोणी ठेवला याचा कसून तपास केला. घरात त्या वेळी मी एकटाच होतो. तपास थांबवला. डागाच्या जागी झाड काढणार आहे.

१० फेब्रुवारी
वर्गातल्या चिरंजीवांचं काम बघितलं. वय चोवीस, सगळे त्याला चिरंजीवच म्हणतात. त्याचं बाजाराचं ड्रॉइंग पूर्ण झालंय. जिकडेतिकडे माणसं. पिशव्या घेतलेल्या बायका, बाकावर पेंगणारा म्हातारा, एक कुत्रा. दर्शनी भाग कच्चा असला की लोक असली गर्दी जमवतात. मला त्याची दया आली. मदत हवी तर सांग म्हटलं. तो म्हणाला, काका, तुमचा प्लॅन बघायला आवडेल. मी म्हटलं, दाखवतो.

१८ फेब्रुवारी
शाई सुरू. गडद शाई एकदम लावायची नसते. पाण्यात जवळजवळ दिसेनाशी करून एकावर एक थर द्यायचे. आभाळाला चाळीस थर ठरवलेत. प्रत्येक थर वाळेपर्यंत थांबावं लागतं. थांबताना दुसरं काही करता येत नाही, म्हणून आडवा झालो. थर वाळला तेव्हा मी उठलो नव्हतो. आज दोनच थर.

२२ फेब्रुवारी
हिला नमुन्याच्या तुकड्यांवर सतरावा आणि अठरावा थर दाखवून विचारलं, कुठला बरा? दवाखान्यात दिवसभर ती लोकांना हेच विचारते. बघून म्हणाली, दोन्ही सारखेच दिसतात. दमली होती बिचारी.

२७ फेब्रुवारी
चाळीस झाले. सुंदर. खरंच सुंदर. खांबांवर सावली अशी वळलीय की हात लावून बघावंसं वाटतं. स्वतःच्या कामाकडे बघून डोळ्यांत पाणी आलं. आज दुसरं काही केलं नाही.

१ मार्च
ही म्हणाली, पंधरा दिवस राहिले, काय कळवू? मी म्हटलं, काम झाल्यातच जमा आहे. तिने विचारलं, म्हणजे नक्की काय राहिलंय? मी म्हटलं, किरकोळ. दर्शनी भाग तयार आहे, आता फक्त त्याच्या मागे इमारत लावायची. ती म्हणाली, मी झोपते.

६ मार्च, दुपारी
प्लॅन काढायला बसलो. आत खोल्या घालायच्या तर इमारत किती मोठी हे ठरवावं लागतं. आजवर कधी गरज पडली नव्हती.

जागा बहात्तर फूट रुंद. इमारत छत्तीस मॉड्यूल. म्हणजे मॉड्यूल दोन फुटांचं. इथवर सगळं छान जमलं. मग पायरी मोजली. एक मॉड्यूल. दोन फूट. वाचनालयात येणाऱ्याला पुस्तकाआधी हात देऊन वर ओढावं लागेल. दार वीस फूट.

६ मार्च, चार वाजता
उलटं करून पाहिलं. पायरी सहा इंचांची धरली. मॉड्यूल अर्धा फूट. पायरीवरून कोणीही चढेल. पण दार पाच फुटांचं. माझी उंची पाच फूट आठ. आणि अख्खं वाचनालय अठरा फूट. एक कपाट, एक खुर्ची, आणि वाकलेला वाचक.

पुसून दुरुस्त करायचं म्हटलं तर शाई पुसता येत नाही. चाळीस थर.

७ मार्च
झोप छान लागली. मार्ग सापडला. शीटवर स्केल लिहायचंच नाही. प्रमाण हे मापाच्या पलीकडचं असतं, हा माझा मुद्दा जूरीत ठामपणे मांडायचा. मॅडमना दाराशेजारी माणूस हवा होता, तोही काढून देऊ.

९ मार्च
माणूस एकाच मापाचा काढला तर कुठेतरी अडतोच. म्हणून तीन काढले. पायऱ्यांजवळचा उंच, त्याला पायरी सहज चढता येईल असा. दारातला मध्यम, दार डोक्याच्या थोडं वर राहील असा. आणि लांब कोपऱ्यात एक अगदी छोटा, त्याच्यामुळे इमारत भव्य दिसते. कोणी विचारलं तर लहान मूल आहे म्हणायचं. तिघं एकमेकांपासून लांब ठेवलेत.

१५ मार्च
आज कळवायचा दिवस. सकाळी ही आंघोळ करून आली आणि टेबलापाशी उभी राहिली. महिन्यात पहिल्यांदाच इतकं नीट बघत होती. म्हणाली, यात आत कुठून जायचं? मी दार दाखवलं. म्हणाली, आणि आत काय आहे? मी म्हटलं, ते प्लॅनमध्ये येईल. मग ती माझ्या खांद्यावर हात ठेवून थोडा वेळ थांबली. बरं वाटलं. मग दवाखान्यात गेली.

संध्याकाळी म्हणाली, कळवलं. काय कळवलं ते विचारायचं राहून गेलं. हो म्हणूनच कळवलं असणार.

१९ मार्च
आज हिने मला वॉशिंग मशीन शिकवलं. पांढरे कपडे वेगळे, रंगीत वेगळे, साबण किती. कागदावर लिहून दारावर चिकटवलं. नव्या गावी दोघंही कामात असणार, त्याची तयारी. हिचं हे फार चांगलं आहे, सगळं आधीपासून बघते.

२२ मार्च
डब्यांवर लेबलं लावली हिने. मीठ कुठलं, साखर कुठली. वास्तविक हलवायच्या सामानाला लेबलं लागतात, फडताळातल्या डब्यांना कशाला? असो. मी प्लॅनमध्ये गुंतलोय. दोन भिंती झाल्या.

२४ मार्च
हिने मोठी बॅग आणली. एकच. माझ्या कपड्यांना लागते तरी किती जागा.

२७ मार्च
प्लॅन झाला. म्हणजे पेन्सिलीत. म्हणजे बाहेरच्या भिंती. आतलं तोंडी सांगता येईल. घोडामैदान जवळ आहे.

२८ मार्च, संध्याकाळी
जूरी झाली.

मॅडम, दोन प्राध्यापक आणि बाहेरून बोलावलेले एक मिस्त्री. चाळीस वर्षं दगडकाम केलेले, सत्तरी उलटलेले. प्राध्यापकांनी सावलीचं कौतुक केलं. एक जण म्हणाले, असा हात हल्ली बघायला मिळत नाही. मी प्रमाण आणि मापाच्या पलीकडचं वगैरे सांगायला सुरुवात केली. मिस्त्री खुर्चीतून उठून शीटच्या अगदी जवळ आले. खिशातून घडीची पट्टी काढली. पायऱ्यांजवळचा माणूस मोजला, दारातला मोजला, कोपऱ्यातला मोजला.

मग मला विचारलं, हे तिघं एकाच घरातले का?

कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. ते फार मऊपणे म्हणाले, हा पायरीवरचा बाप्या दारापर्यंत गेला, तर त्याचं डोकं चौकटीच्या वर जातंय. मग आत जाणार कोण, साहेब? मी म्हटलं, कोपऱ्यातलं मूल. ते म्हणाले, त्याला पायरी चढवणार कोण?

मॅडमनी प्लॅन मागितला. मी भिंती दाखवल्या.

निकाल: अपूर्ण. मुदतवाढ नाही. शीट त्यांनी ठेवून घेतलं, पहिल्या वर्षाच्या मुलांना दाखवायला. सावली दाखवायला की दुसरं काही, ते विचारलं नाही. मॅडम दारापर्यंत सोडायला आल्या. म्हणाल्या, मी जानेवारीतच हट्ट धरायला हवा होता, चूक माझीही आहे. त्यांची काही चूक नव्हती. त्यांनी तसं म्हणायला नको होतं, त्याने जास्त लागलं.

२९ मार्च
हिला काल सांगितलं की थोडक्यात हुकलं. आज सगळं सांगितलं. मिस्त्रींचंही. तिघांची गोष्ट ऐकून ती हसली, मग तिला रडू आलं.

मी म्हटलं, तू तर दोघांचं कळवलंस, आता काय करायचं? ती म्हणाली, मी पंधरा तारखेलाच कळवलं होतं, एकटी येते म्हणून. मी म्हटलं, पण तेव्हा जूरी व्हायची होती. ती म्हणाली, मी बघितलं होतं ना. रोज लोकांना काय दिसतं आणि काय दिसत नाही हेच तपासते मी.

मग सांगायचंस ना, असं म्हणालो मी. ती म्हणाली, सांगितलं होतं, आत कुठून जायचं म्हणून विचारलं होतं.

राग यायला हवा होता. आला नाही. नुसता थकवा आला, चार वर्षांचा एकदम.

३१ मार्च
ही गेली. बस सकाळी आठची. बॅग मी उचलली. बसमध्ये बसल्यावर खिडकीतून म्हणाली, खोल्या दोन आहेत, शनिवारी ये. मी म्हटलं, काहीतरी हातात घेऊनच येतो. ती म्हणाली, काही नको. रिकामा ये.

२ एप्रिल
टेबल मोकळं आहे. टेबलावर बसून जेवलो. मशीन लावलं, सगळे कपडे फिकट निळे झाले. कागद दारावर होता, वाचला नव्हता.

४ एप्रिल
उद्या शनिवार. पाचला उठायचं, आठची बस. कपडे भरले. तिकडच्या ऑफिसांत नोकरी बघता येईल. पार्किंगचे उतार सगळीकडे लागतात. काही वर्षांनी पुन्हा प्रवेश घेता येईल. या वेळी प्लॅनपासून सुरुवात.

५ एप्रिल, शनिवार, सकाळी ९.२०
पाचला उठलो. खरंच पाचला, पहिल्यांदा. साडेपाचला तयार होतो. मग बसून राहिलो. सहा वाजले, सात वाजले. उठवेना. आजवर तिच्यासमोर कायम काहीतरी अर्धवट घेऊन बसलेलो असायचो. काहीच नसलेला मी तिने बघितलेला नाही. मीही नाही. त्याची भीती वाटते, आणि तिची फार आठवण येते, आणि दोन्ही एकाच वेळी.

पावणेनऊला तिचा फोन. निघालास का? मी म्हटलं, स्टँडवर गेलो होतो, डोळ्यांदेखत आठची सुटली, दोन मिनिटांनी चुकली, कंडक्टरने बघितलंसुद्धा पण थांबवली नाही. ती म्हणाली, बरं, दहाची पण आहे. फोन ठेवला नाही तिने. मीही ठेवला नाही.

मग मी विचारलं, दहाची कुठून सुटते?

ती म्हणाली, आठची जिथून सुटते तिथूनच.